आरसा फुटला की फोडला

मावशीचा आरसे कापायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन मोठी टेबलं आणि चार कारागीर. शाळेला सुट्टी लागली तशी भाची मदतीला आली. ती व्याकरण शिकवायची. मावशीने तिच्या हातात नुकसानीची वही ठेवली.

"अक्षर बरं आहे तुझं. ही जरा नीट उतरवून काढ."

भाचीने पानं चाळली. 'आरसा फुटला.' 'काच तडकली.' 'कोपरा उडाला.' पुन्हा 'आरसा फुटला.'

"मावशी, तुझ्याकडच्या काचा भलत्याच स्वावलंबी आहेत. सगळ्या आपल्या आपण फुटतात."

"म्हणजे काय?"

"सगळी क्रियापदं अकर्मक. 'फुटला' म्हटलं की फोडणारा नामानिराळा. 'फोडला' लिहायचं म्हटलं, की कोणी ते सांगावंच लागतं."

मावशीला हे पटलं. शिक्षा कोणालाच नाही, पण यापुढे वहीत 'फुटला' चालणार नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं.

चारच दिवसांत सलूनसाठी कापलेला उंच आरसा खळ्ळकन खाली आला. जवळ उभा होता लंबू, सगळ्यांत जुना कारागीर.

"कोणी फोडला?" भाचीने पेन उघडलं.

लंबूने डोकं खाजवलं. "शिडीनं."

"शिडी कोणी पाडली?"

"दारानं."

"आणि दार?"

"वाऱ्यानं ढकललं."

"म्हणजे वाऱ्याने दार ढकललं, दाराने शिडी पाडली, शिडीने आरसा फोडला. मधल्या कड्या गाळल्या, तर आरसा वाऱ्याने फोडला." भाची लिहू लागली.

"कडी म्हणालात म्हणून सांगतो, ताई. दाराची कडी मोडलीय, म्हणून ते उघडलं. दोन महिने झाले. मी सांगितलं होतं."

"कोणाला?"

लंबू छताकडे बघू लागला. बाकीचे तिघं एकदम कामाला लागले.

मावशीला आठवलं. 'बघू पुढच्या आठवड्यात' असं ती दोनदा म्हणाली होती. ती खो-खो हसत सुटली.

"लिही गं, मावशीने आरसा फोडला. ठळक लिही."

लंबू ओशाळला. "तसं म्हणायचं नव्हतं मला, बाई."

"म्हणालास ते बरं केलंस."

ती तडक दुकानात गेली, कडी आणि स्क्रू घेऊन आली आणि बाह्या सरसावून स्वतःच दाराशी बसली. तोवर लंबूने नवी काच मापाला घेतली. संध्याकाळी चौघांनी मिळून आरसा टेम्पोत चढवला. मावशी पुढे चालत रस्ता मोकळा करत होती, आणि आरशात सगळ्यांचे दमलेले, हसरे चेहरे डुलत होते.