नवी सिस्टीम आणि भाचीची पर्स

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुमचाही बसला नसता.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं झाकण लखलखत होतं. मावशींनी, म्हणजे माझ्या मालकिणीने, मला त्यांच्या भरतकामाच्या दुकानात आणलं आणि मशीनशेजारी बसवलं. शाळेच्या गणवेशावर बोधचिन्ह असतं ना, त्याची नक्षी मी मशीनला पाठवायची आणि तिने ती दोऱ्याने भरायची, असं आमचं काम. मशीन महाखडूस. माझ्यातल्या एका जुन्या प्रोग्रामखेरीज ती कुणाचंही ऐकत नाही. मावशी गिऱ्हाइकांना सांगायच्या, "हा माझा उजवा हात आहे हो!" ते ऐकून मी फुगून जायचो.

पुढे माझी बटणं निखळली, बॅटरी बसली. मग पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक सूचना येऊ लागली: जुनी सिस्टीम आता बंद होणार, नवी घ्या. खाली 'आत्ता' आणि 'नंतर' अशी दोनच बटणं. 'नको' कुठेच नाही! माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

त्यातच मावशींची भाची वरचेवर भेटायला येऊ लागली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि मावशींना म्हणायची, "किती दिवस ओढणार हे दुकान? पाठ बघ तुझी, सरळ होत नाही."

"बंद करून काय करू? भिंतींशी बोलू?" मावशी विचारायच्या. त्यावर भाची माझ्याकडे टक लावून बघायची. तिचं ते बघणं मला मुळीच आवडत नसे.

एके दिवशी ती दुरुस्तीवाल्याला घेऊन आली. "दादा, यावर नवी सिस्टीम चालेल का?"

त्याने मला उलटं करून पोटाचे स्क्रू काढले. "मेमरी वाढवली तर चालेल. डिस्कही नवी टाकतो. जुनी पुसून टाकू?"

"नको, माझ्याकडे द्या," भाची म्हणाली. मावशी दोरे आणायला आत गेल्या होत्या. तेवढ्यात तिने माझी जुनी सिस्टीम असलेली ती डिस्क गुपचूप पर्समध्ये टाकली. इथेच पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. पण सांगणार कुणाला आणि कसं?

नवी सिस्टीम मात्र झकास चालली. झाकण उघडायचा अवकाश, मी तयार! खरं सांगतो, सगळे संशय विसरून मी मिरवत होतो. दुरुस्तीवाला निघून गेला आणि मावशींनी मशीनची वायर मला जोडली. मशीन ढिम्म हलेना. नव्या डिस्कवर उतरवून घेतलेला जुना प्रोग्राम नव्या सिस्टीमवर उघडतच नव्हता.

मावशींनी तीनतीनदा वायर काढून लावली. मग गणवेशांचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्या स्टुलावर बसल्या. "संपलं म्हणायचं," एवढंच बोलल्या.

माझ्या कॅमेऱ्यातून मला भाची स्पष्ट दिसत होती. तिचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला. मावशी उगाचच मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे वेचत होत्या. भाचीने ते पाहिलं आणि डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"मावशी, ही तुझी जुनी डिस्क. परत बसवली की मशीन चालेल."

"मग मघापासून बोलली का नाहीस?"

"नव्या सिस्टीमवर तुझा प्रोग्राम चालणार नाही, हे मला ठाऊक होतं. दुकान बंद पडलं तर तू माझ्याकडे राहायला येशील, असं वाटलं." भाचीला रडू आवरेना.

मावशींनी तिला जवळ ओढलं. "अगं वेडे, नुसतं 'ये' म्हणायचं होतंस की!"

आता माझ्या पोटात पुन्हा जुनी डिस्क आहे. जुनी सिस्टीम आता सुरक्षित नाही, म्हणून इंटरनेट मला वर्ज्य केलंय आणि मी फक्त मशीनशी बोलतो. मित्रांनो, जुन्याला नवं झेपेल का, हे जरूर तपासा. पण त्याच्या पोटातलं काही काढण्याआधी त्याच्यावर कुणाचं काय अवलंबून आहे, तेही विचारा. मावशी हल्ली अधूनमधून भाचीकडे राहायला जातात. तेव्हा दुकानाला कुलूप असतं, आणि त्याचा मला मुळीच राग येत नाही.