कांदाचाळीमागचा म्हसोबा

कारभारीअण्णा गांगुर्ड्यांनी एकदा एखादी गोष्ट ठरवली, की ती ब्रह्मदेवाच्या बापालाही फिरवता यायची नाही. आणि गेल्या वर्षी अण्णांनी ठरवून टाकलं होतं, की आपल्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येतो तो नजीरच्या गॅरेजमुळे. झालं! आरोप, साक्षीपुरावा, निकाल, सगळं अण्णांनी एकट्यानं, पारावर बसून, तंबाखू मळता मळता उरकलं.

विंचूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून गांगुर्डे वस्ती. पंधरा-वीस घरं, आणि सगळी पाण्याला अण्णांच्या विहिरीवर. रस्त्यापलीकडे जरा चढावर नजीर शेखचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. नजीर आणि अण्णा शाळेत एका बाकावर बसलेले, एकाच मास्तरांच्या छडीचे मानकरी. पुढंही चाळीस वर्षं सकाळचा चहा एकत्र. पण विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसायला लागला, चहाला वास मारायला लागला, वस्तीला टँकर सुरू झाला, आणि अण्णांनी ग्रामसभेत उठून बोट दाखवलं.

"पाणी चढावरून उताराला येतं, हे बालवाडीतलं पोरगंबी सांगंल. अन् चढावर कोण हाय?"

कुणीतरी पुरावा विचारला. आता अण्णांना पुरावा विचारायचा म्हणजे काय? त्यांचा पारा चढला. "मी या डोळ्यांनी बघितलंय त्याला काळं तेल नालीत ओतताना!"

बघितलं होतं कप्पाळ! पण सभेत टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या की अण्णांना आपलं बोलणं आपल्यालाच खरं वाटायला लागायचं. त्या दिवसापासून चहा बंद, बोलणं बंद. नजीर समोरून आला की अण्णा मान वळवून कांद्याच्या वाफ्यांकडे बघत, मग तिथं कांदा असो वा नसो.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी वस्तीत एकट्या अण्णांना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी ट्रकवाल्यांनी संप केला, पंपांवर रांगा लागल्या, आता महिनाभर डिझेल मिळत नाही अशी आवई उठली. अण्णांनी धावपळ करून तीन ड्रम डिझेल पैदा केलं. उघड्यावर ठेवलं असतं तर अख्खी वस्ती कॅन घेऊन दारात उभी राहिली असती. म्हणून बायको सिंधुबाई माहेरी गेल्याचं बघून कांदे साठवायच्या चाळीमागं खड्डा खणला, ड्रम पुरले, वर माती लोटली. संप मिटला दोन दिवसांत! आता ड्रम वर काढावेत तर लोक हसणार. राहू दे, वेळप्रसंगाला होईल, म्हणून अण्णांनी ते तिथंच राहू दिले. जमिनीत आपलं डिझेल आहे आणि विहिरीत डिझेलचा वास आहे, हे दोन्ही विचार अण्णांच्या डोक्यात वर्षभर शेजारी शेजारी राहत होते, पण एकमेकांच्या घरी कधी गेले नाहीत.

अण्णांनी अर्जांवर अर्ज केले. तहसील, जिल्हा परिषद, प्रदूषणवाले, एक कचेरी सोडली नाही. शेवटी फेब्रुवारीत नाशिकहून योगिनी मॅडम आल्या. माती आणि पाणी तपासण्याचं त्यांचं काम. वय असेल तिशीचं, पायात बूट, डोक्यावर टोपी, सोबत बोअरची छोटी गाडी. ग्रामपंचायतीनं जाहीर केलं, की मॅडमचं म्हणणं शुक्रवारच्या सभेत ऐकायचं आणि त्याच सभेत नजीरचं गॅरेज गावातून हलवायचा ठराव घ्यायचा. नजीरचं तीस वर्षांचं बस्तान त्या एका शुक्रवारावर येऊन ठेपलं.

अण्णा तर नवरदेवाच्या मामासारखे मॅडमच्या पुढंपुढं करू लागले. मॅडमला सहा ठिकाणी मनगटाएवढी बारीक बोअरं घ्यायची होती, पाण्याची पातळी मोजायला आणि नमुने काढायला. पहिल्या बोअरला पाणी लागलं आणि अण्णांनी रीतीप्रमाणं हळदकुंकू वाहून नारळ फोडला. निम्मं नारळाचं पाणी थेट बोअरमध्ये.

"काका!" मॅडम किंचाळल्या. "हा नमुना वाया गेला!"

"वाया कसा? गोडच झालं असंल पाणी."

मॅडमनी कपाळाला हात लावला. पुढच्या पाच बोअरांना अण्णांनी नारळ दहा पावलं लांब फोडला, पण फोडलाच.

बुधवारी मॅडम एक पारदर्शक नळी दोरीनं बोअरात सोडून वर काढत होत्या. नळीत खाली पाणी आणि वर बोटभर पिवळसर तेल. अण्णांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "सापडला का नाय चोर?"

"हे डिझेल आहे काका. गॅरेजचं जळकं ऑइल काळं असतं, हे तर जवळजवळ ताजं आहे. आणि गॅरेजच्या बाजूची दोन्ही बोअरं स्वच्छ आहेत." मॅडमनी वहीतला नकाशा पुढं धरला. सहा बोअरांमधल्या पाण्याची पातळी लिहिलेली, आणि मधून एक लांबलचक बाण. "जमिनीवरचा उतार वेगळा, जमिनीच्या पोटातला वेगळा. खाली खडक उलट्या बाजूला कललाय. पाणी रस्त्याकडून येतच नाही. या बाजूनं येतंय."

अण्णांनी बाणाच्या शेपटीकडं बघितलं. शेपूट त्यांच्या कांदाचाळीमागून निघत होतं.

ते दोन विचार अखेर एकमेकांच्या घरी गेले. नुसते गेले नाहीत, तिथं पाट मांडून बसले. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

"उद्या चाळीमागं एक शेवटचं बोअर घेऊ," मॅडम म्हणाल्या.

"तिथं नाय जमायचं!" अण्णा इतक्या जोरात ओरडले, की बोअरवाला पाना टाकून उठला. "तिथं... तिथं आमचा म्हसोबा हाय. कडक देव. त्याच्या जागेत कुदळबी लावत नाय आम्ही."

आता बोलून बसले खरे, पण म्हसोबा आणायचा कुठून? दुपारी मॅडम विंचूरला जेवायला गेल्या, तेवढ्यात अण्णांनी बांधावरचा एक गोटा उचलला, सिंधुबाईंच्या देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवला, गोट्याला फासला आणि नेमका ड्रमांच्या डोक्यावर बसवला. दोन झेंडूची फुलंही टाकली. देव दिसायला चांगला झाला होता. अण्णांनी हात जोडता जोडता थांबवले.

पण घरच्या बाईपासून देव लपत असतो होय? संध्याकाळी गोवऱ्या आणायला चाळीमागं गेलेल्या सिंधुबाई तिथंच थबकल्या.

"अगं बाई! अहो, इथं म्हसोबा?"

"जुनाच हाय. मातीखाली होता. चाळ बघायला गेलो तर वर आलेला दिसला."

"आपोआप वर आला?"

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना जरा उशिरानं कळलं.

आपोआप वर आलेला देव! सिंधुबाईंनी धोंडाबाईंना सांगितलं, धोंडाबाईंनी तानुबाईंना, आणि गुरुवारी सकाळी अण्णा दात घासत बाहेर येतात तो चाळीमागं बायकांची रांग. कुणी दहीभात आणलाय, कुणी लिंबू. तानुबाईंनी तर नवस बोलून टाकला, की विहिरीचं पाणी चांगलं होऊ दे, तुला चांदीचे डोळे घालीन. "लय वास मारतोय गं देवाजवळ," कुणीतरी म्हणालं. "कडक देव हाय, वास मारणारच," सिंधुबाईंनी समजूत घातली.

मॅडमनी देवाला लांबूनच नमस्कार केला, वास घेतला, अण्णांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मी कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही. पण काका, ही जागा बघितल्याशिवाय मला अहवालात ठाम काही लिहिता येणार नाही. सभेत मी बोअरांचे आकडे सांगीन, पण शेवटी उगम सापडला नाही असंच म्हणावं लागेल."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. उगम सापडला नाही तर अण्णांचं नाव निघत नाही. नाव निघालं नाही म्हणजे सुटलो! मग त्यांच्या ध्यानात आलं, की उगम सापडला नाही तर सभेपुढं दुसरा पुरावा उरतो तो एकच. अण्णांचे डोळे. रात्रीची भाकरी त्यांना गोड लागली नाही. सिंधुबाईंनी विचारलं, पोटात दुखतंय का? अण्णा म्हणाले, व्हय. ते मात्र खरं होतं.

शुक्रवारी सभा भरली ती ग्रामपंचायतीत नाही, चाळीमागं. नव्या देवापुढं निकाल लागावा अशी बायकांचीच इच्छा! सरपंच गोरक्ष निकाळे खुर्चीवर, बाकीचे ताडपत्रीवर. मॅडमनी नकाशा, बाण, गॅरेजकडची स्वच्छ बोअरं, सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाल्या, उगम सापडला नाही. लोकांना कळलं ते एवढं शेवटचंच. गोरक्षनं घसा खाकरला. "म्हणजे यंत्राला काय सापडलं नाय. मग अण्णांचीच साक्ष राहती. ठराव घेऊ का?"

तेवढ्यात मागून नजीर उठला. वर्षभरात खांदे उतरले होते त्याचे. गाडीच्या ग्रीसनं काळे झालेले हात पुसत तो पुढं आला.

"एक मिनिट सरपंच. वर्षभर मी गप बसलो. वाटलं, कारभारी तापट हाय, आज ना उद्या निवळंल. आज माझं गॅरेज चाललं. ठीक हाय, जाऊ दे. मी माझ्या अल्लाची शपथ घेऊन सांगतो, माझ्या गॅरेजचं तेल मी ड्रमात भरून भंगारवाल्याला देतो, नालीत थेंब टाकला नाय." मग तो अण्णांकडं वळला. "कारभारी, आता तू तुझ्या म्हसोबावर हात ठेव. अन् म्हण, या डोळ्यांनी बघितलं. तू म्हणलास, की मी आजच शटर ओढतो. ठरावाची गरज नाय."

"बरोबर हाय!" बायका म्हणाल्या.

अण्णा उठले. देव कुठला, गोटा होता तो! बांधावरून स्वतः उचललेला. शेंदूर स्वतः फासलेला, बोटाच्या पेराला अजून लाली होती. त्या गोट्यावर हात ठेवायला कसली भीती? अण्णांनी हात पुढं केला. गोट्यापासून वीतभर अंतरावर हात थांबला. परत पुढं केला. परत थांबला. समोर नजीर उभा होता, आणि त्याची नजर रागाची असती तर बरं झालं असतं. तो नुसता बघत होता.

"ठेवा की हो," सिंधुबाई हळूच म्हणाल्या. "खरं बोलायला काय लागतं?"

अण्णांनी दोन्ही हातांनी गोटा उचलला आणि बाजूला ठेवला. बायका किंचाळल्या.

"गोरक्ष, पोरांना फावडी घेऊन बोलव," अण्णा म्हणाले. "देव नाय हा. मी परवा दुपारी बसवला. खाली माझे तीन ड्रम हायेत डिझेलचे. नजीरला मी कायबी ओतताना बघितलं नाय. खोटं बोललो मी. भर सभेत खोटं बोललो."

तानुबाईंनी चांदीच्या डोळ्यांचा नवस तिथल्या तिथं मागं घेतला.

चार हात खणल्यावर ड्रम लागले. एक शाबूत, दुसऱ्याचा तळ गंजून चाळण, तिसऱ्यात तर वाटीभरही उरलं नव्हतं. मॅडमनी वही उघडली. "काका, ही माती काढून शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदावर पसरायची. शेण, भुसा घालून दर आठवड्याला वरखाली करायची. मातीतले जिवाणूच डिझेल खाऊन टाकतात, त्यांना हवा आणि खुराक द्यायचा. विहिरीवरचा तवंग वेगळा उपसायचा. आठ-दहा महिने लागतील. आणि अहवालात तुमचं नाव येणार."

"लिहा," अण्णा म्हणाले. "दंडबिंड जे असंल ते भोगतो. नाव ठळक लिहा."

सभा पांगली तसे अण्णा नजीरपुढं जाऊन उभे राहिले. "चुकलो रे. लाज वाटती तोंड दाखवायची."

"तोंड दाखवायची लाज वाटून कसं जमंल? तेच तर दाखवायचंय," नजीर म्हणाला. "बस गाडीवर. ज्या ज्या ओट्यावर बसून माझं नाव घेतलंस, तिथं तिथं जाऊन सांग."

आणि अण्णा खरंच बसले! पहिल्या ओट्यावर अडखळले, दुसऱ्यावर रडले, तिसऱ्यावर संपाचं लांबण लावायला लागले तेव्हा नजीरच म्हणाला, "थोडक्यात सांग, अजून सहा ओटे राहिलेत." शेवटी गाडी नजीरच्याच दारात थांबली. वर्षभरानं अण्णा त्या उंबऱ्यापाशी आले होते. नजीरची बायको शहनाज दारात उभी राहून सगळं ऐकून घेत होती. अण्णांना वाटलं, आता भाभी दोन शिव्या घालेल, आणि मनावरचं ओझं उतरेल.

"मला सांगून काय उपयोग, भाऊ?" शहनाज शांतपणे म्हणाली. "तेल आमचं नाय, हे मला आधीपासून ठाऊक होतं. तुम्हाला सांगायचंच असंल तर सकाळी टँकरपाशी येऊन सांगा. तिथं मला रोज सगळ्यांच्या मागं उभं करत्यात. माझा नंबर येईस्तो पाणी संपतं."

अण्णांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या घरचं पाणी सिंधुबाई भरायच्या, आणि त्यांचा नंबर पहिला असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टँकर आला. बायका कळश्या घेऊन धावल्या. शहनाज नेहमीसारखी शेवटी जाऊन उभी राहायला निघाली, तर धोंडाबाईंनी तिच्या हातातला हंडा घेऊन नळीखाली पहिला लावला. ती पुढं सरकली तेव्हा तिनं सहज मागं वळून बघितलं. रांगेच्या अगदी शेवटी, डोक्यावरची टोपी काखेत, दोन्ही हातांत दोन रिकामे हंडे, कारभारीअण्णा उभे होते. त्यांचा नंबर यायच्या आत पाणी संपलं. ते रिकामे हंडे घेऊन घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच येऊन उभे राहिले.