अर्धा मग

तुमच्या हातात जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, एक लहान मग आहे, असं समजा. मग काठोकाठ भरलेला आहे. पुढं काळ्या पिशव्यांतली पंचवीस रोपं एका ओळीत उभी आहेत आणि प्रत्येकाला एकेक मग पाणी घालायचं काम तुमच्यावर सोपवलेलं आहे. मागं कुणी बघायला नाही. आता मग तिरपा करा, आणि निम्मं पाणी पडलं की हात आवरा. जमतंय का बघा. पुतळाला पहिल्या दिवशी ते फार जड गेलं. दुसऱ्या दिवशी तितकं नाही.

ती सातवीत होती. साल चौऱ्याऐंशी. नळदुर्गच्या अलीकडं, रस्त्यापासून आत असलेल्या त्या गावात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. नेमकं त्याच साली शाळेला रोपवाटिकेचं सरकारी अनुदान मंजूर झालं. पिशव्या आल्या, बाभळीचं बी आलं, कुंपणाची तार आली आणि सोबत एक छापील पुस्तिका. शाळेची विहीर आटलेली, म्हणून दूध संस्थेच्या विहिरीवरून रोज सकाळी बैलगाडीतून पत्र्याचं मोठं पिंप, एक टिपाड भरून पाणी यायचं. ते वाटायचं काम व्यंकट गुरुजींनी पुतळाला दिलं होतं.

"मग तुझ्याच हातात राहील. दुसऱ्या कुणी शिवायचा नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले होते.

घरी तिनं हे आजीला, जाईबाईला, सांगितलं. तरुणपणी ती गावच्या विहिरीपाशी घागर खाली ठेवून, हात बांधून उन्हात उभी राहायची. कुणाला दया आली तर तो वरून पाणी वाढायचा. "आता माझी नात पाणी वाढती म्हणा की," एवढंच ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून भाकरी थापायला बसली.

अनुदानाच्या कागदात आणखी एक गोष्ट होती. मे महिन्यात येडशीच्या जंगलात मुलांचं तीन दिवसांचं शिबिर भरणार होतं आणि शाळेतून एकच मूल जाणार होतं. तपासणीत ज्याचं काम उजवं ठरेल, त्याचं नाव. पुतळानं रेल्वे कधी पाहिली नव्हती. येडशीला स्टेशन आहे, हे तिनं वर्गातल्या नकाशावर शोधून ठेवलं होतं.

जानेवारीत प्रत्येकानं आपापल्या ओळीतल्या पंचवीस पिशव्यांत बी लावलं. बाभळीचं बी टणक असतं. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पुतळानं ते गरम पाण्यात घालून भिजवलं, वाळूत माती-खत मोजून मिसळलं. तिची अकरा उगवली. हरणाची पंचवीसच्या पंचवीस.

हरणा ही बिराप्पा धनगराची मुलगी. दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरांमागं फिरतीवर जायची, म्हणून अभ्यासात मागं; यंदा मात्र शेरडं राखायला गावातच राहिली होती. तेराचा पाढा तिला कधी पुरा आला नाही. अडली की पुतळाच हळूच पुढचा आकडा सांगायची.

"काय केलंस गं?" गुरुजींनी तिला विचारलं.

"काय न्हाय गुरुजी. आमची शेरडं शेंगा खात्यात अन् रवंथ करताना बी थुकत्यात. ती बसत्यात तिथलं येचून आणलं. आबा म्हणतो, पोटात जाऊन आल्यालं बी झटक्यात उगवतं."

"पुस्तिका छापणाऱ्यांनी आधी तुझ्या आबाला विचारायला पाहिजे होतं!"

वर्ग हसला. पुतळाही हसली, आणि हसता हसता तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मग गुरुजींनी सगळ्यांच्या रिकाम्या पिशव्यांत तेच बी टाकायला सांगितलं. हरणा ओळीनं वाटत आली. पुतळाच्या ओंजळीत तिनं चांगलं निवडून चौदा बिया टाकल्या. पुतळानं मान वर केली नाही.

मार्चच्या अखेरीला पुतळाचा हात आखडला. हरणाच्या ओळीला अर्धा मग. उरलेलं अर्धं स्वतःच्या ओळीला.

चौथ्या दिवशी हरणा टिपाडाजवळ आली.

"पुतळे, माझ्या वळीला अर्धाच मग का गं?"

"टिपाड कमी भरून यायलंय. समद्यास्नीच अर्धा."

हरणानं शेजारच्या ओळींकडं बघितलं. तिथली माती काळीभोर भिजलेली होती. ती हात बांधून तिथंच बाजूला उभी राहिली. पुतळाचं पाणी घालून होईपर्यंत उभी राहिली.

त्या दिवशी पुतळा घरी जेवली नाही. तरी दुसऱ्या दिवशी मग अर्ध्यावरच थांबला.

एप्रिल संपता संपता वनीकरणाचे साहेब तपासणीला जीपनं आले. पुतळाची रोपं गुडघ्याएवढी, कोवळी, हिरवीगार. हरणाची जेमतेम वीतभर, विरळ पानांची.

"हरणे, तुझी वळ उपाशी मेंढरावानी दिसायलीय की!" वर्गातला सिदू मागून म्हणाला. पोरं खिदळली.

गुरुजींना पुढच्या वर्षीच्या अनुदानाची काळजी. ते हळूच सरकून हरणाच्या ओळीपुढं उभे राहिले. साहेबांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि ते उकिडवे बसले. आधी पुतळाच्या ओळीतली एक पिशवी त्यांनी ब्लेडनं चिरली. माती भसकन सुटली, मूळ दोऱ्याएवढं निघालं आणि रोपानं तिथंच मान टाकली. मग हरणाची पिशवी चिरली. माती सुटलीच नाही. मुळांनी ती तळापर्यंत घट्ट धरली होती. साहेबांनी खोड वाकवून सोडलं, ते तारेसारखं परत उभं राहिलं.

"गुरुजी, असं रोप पाहिजे. लाड केलेलं रोप माळावर आठ दिवस टिकत नाही. लावायच्या आधी महिनाभर पाणी तोडावं लागतं, तेव्हा ते काटक होतं. बी रुजवणं सोपं, हे अवघड. या ओळीला पाणी कुणी घातलं?"

"आमच्या पुतळानं!" गुरुजींचा चेहरा उजळला. "सगळं पाणी तिच्याच हातात आहे, साहेब."

"एका ओळीवर करून बघितलंस होय? शाब्बास. हिला येडशीला पाठवा. पुढच्या वर्षीचं अनुदानही मी लिहितो."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुतळानं हरणाकडं बघितलं.

"व्हय साहेब," हरणा म्हणाली. "पाणी तिनंच घातलं." तिच्या आवाजात राग होता की नाही, कुणालाच कळलं नसतं. तिनं टाळ्याही वाजवल्या.

"पूर्ण नाव सांग बेटा," साहेब म्हणाले. "पुतळा, पुढं?"

पुतळा जीपपाशी गेली नाही. ती हरणाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, आणि तिच्याकडं बघतच, साहेबांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली,

"हरणा बिराप्पा लिवा, साहेब. पाणी म्या हिची रोपं मरावीत म्हणून तोडलं हुतं."