बोगद्यातला मफलर

माझ्या थोरल्याने लहान मुलांसाठी कार्टूनचा सिनेमा काढला. आईला शोधत निघालेल्या बदकाच्या पिल्लाची गोष्ट. पिल्लू बोगद्यात शिरतं तेव्हा त्याच्या गळ्यात लाल मफलर असतो, बाहेर येतं तेव्हा हिरवा. पहिल्याच खेळाला एका चिमुरडीने मोठ्याने विचारलं, आत याला मफलर कुणी बदलून दिला? सगळं थिएटर हसलं. माझा लेक तेवढा हसला नाही.

घडलं ते साधंच होतं. चित्रं रंगवणारी माणसं दोन मजल्यांवर बसत. बोगद्याआधीचा भाग वरच्या मजल्यावर, नंतरचा खालच्या. कशाला कोणता रंग, याचा तक्ता माझ्या धाकटीने दोन्हीकडे भिंतीवर लावलेला, कारण रंगाचं काम तिच्याकडे. मग या पिल्लाची खेळणी बनवणारा म्हणाला, मफलरसाठी हिरव्या कापडाचे तागे पडून आहेत. झालं, आमच्या थोरल्या साहेबांनी मफलर हिरवा ठरवला आणि तिला न विचारता खालचा तक्ता बदलला. वरच्या मजल्यावर जिना चढून जावं लागतं, म्हणून तो तसाच राहिला.

सिनेमा जोडून झाल्यावर धाकटीने चूक दाखवली होती. थोरला म्हणाला, पोरांना काय कळतंय.

पोरांना कळलं. मग भर बैठकीत खापर बहिणीच्या डोक्यावर फुटलं आणि पुढच्या सिनेमातून तिचं नाव गेलं. तो सिनेमा जंगलाचा. त्यातली एकेक सावली तिने आधीच रंगवून पाहिली होती, रविवारीसुद्धा. जेवणात तिचं लक्ष राहिलं नाही.

एवढ्यात पेपरात कुणा विद्वानाने लिहिलं, की लाल म्हणजे बालपण, हिरवा म्हणजे समज आणि बोगदा म्हणजे दुःख. पडलो तरी नाक वर, ही आमच्या थोरल्याची जुनी खोड. तो जिथे तिथे सांगत सुटला, की हे सगळं आपण कधीपासून योजलं होतं. एका मुलाखतीत तर म्हणाला, वडील गेले तेव्हा ही कल्पना सुचली. त्याचे वडील माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत ते ऐकत होते.

"मी गेलो कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कळवायचं राहिलं असेल," मी म्हटलं.

मग पडद्यामागच्या गमतीजमती सांगणारा कार्यक्रम टीव्हीवर करायचं ठरलं. थोरला घरी आला. बहिणीने कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणायचं, की मफलर मुद्दाम बदलला. मग जंगलाचा सिनेमा तिचाच. भाऊबीज घातल्यासारखा चेहरा करून हे बोलला. धाकटीने मान डोलावली. मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू.

कार्यक्रम आम्ही तिघांनी मिळून पाहिला. धाकटी टीव्हीवर म्हणाली, "हो, दादाने ते ठरवलं होतं." पुढे काही बोलायला तिने तोंड उघडलं, तोच चित्र तुटून पिल्लू नाचू लागलं. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, पुढचं वाक्य होतं, "आणि आम्हाला सांगायला जिना चढायचा त्याला कंटाळा आला." ते त्यांनी कापलं. कापणाऱ्याची अक्कलही अशी, की आधीच्या चित्रात तिच्या उजव्या हातात असलेला कप क्षणात डाव्या हातात गेला.

लगेच थोरल्याचा फोन आला. छान बोललीस म्हणाला, ये कामाला.

धाकटी शांतपणे म्हणाली, "दादा, तुझ्या चुका पकडणं हेच माझं काम होतं. आता त्या तू ठरवून करतोस म्हणतोस, मग मी तिथे येऊन करू काय?"

जंगल तिने सोडलं. त्याला बहुतेक त्यातलं काही समजलं नाही. तो विचारत होता, सोमवारी किती वाजता येतेस.