नानाजींचं वाचन

“बाबा, थांबा जरा,” नंदिनी सासऱ्यांच्या कानाशी वाकून पुटपुटली. “तुम्ही जे वाचून राह्यले ते या पानावर नाईच. दोन पानं संगच उलटली.”

बुद्धविहारात ग्रंथापुढे बसलेल्या नानाजींचा चेहरा खर्रकन उतरला. ओलसर पानं चिकटलेली त्यांना दिसलीच नव्हती. आवाज मात्र कुठे अडला नव्हता, कारण सारा ग्रंथ तोंडपाठ. एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाल्यापासून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचायचा मान त्यांचा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अक्षरं लख्ख दिसू लागली होती, पण वर्ष सरलं नाही तोच पुन्हा सगळं दुधाळलं. त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती आज सुनेनेच उघडली.

घरी आल्यावर त्यांची बायको सुलोचनाबाई म्हणाल्या, “आता रायू द्या ना. वाचाले नंदिनी हाये. नाई तं तसंबी तुमाले पाठच हाये.”

“पाठ म्हणाले लागलो तं पोथी घोकणाऱ्यात अन् माह्यात फरक काय?” नानाजी उसळले. “माह्या बापाले अक्षर येत नोतं. त्यानं मले वाचाले शाळेत धाडलं, घोकाले नाई. मी उद्याच वर्ध्याले जातो.”

“अन् डोया पुन्हा चिरून घेता काय?”

“चिरू दे!”

म्हणायला म्हणाले खरे, पण मनात धाकधूक होतीच. समुद्रपूरहून वर्ध्याला जाताना नंदिनी शेजारी होती. नानाजींनी तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. एरवी नव्या कंडक्टरला दोन गोष्टी सुनावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळा तपासून म्हणाल्या, “आजोबा, मोतीबिंदू परत येत नसतो. आत बसवलेल्या भिंगामागच्या पडद्याला जाळी धरली आहे. लेझरने तिला मधोमध खिडकी पाडू. चिरफाड नाही, टाके नाहीत. फक्त हलायचं नाही.”

“बाई, सारी जिंदगी चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली. हे यंत्र तं जागेवरच हाये.”

बाई हसल्या. थेंब घातले, बाहुली मोठी झाली. हनुवटी टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं, डोळ्यावर एक थंडगार काच बसली. मग टिक्, टिक् असा आवाज आणि प्रत्येक वेळी एक ठिणगी. नानाजींना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण त्यांनी मुठी आवळल्या आणि मान खिळ्यासारखी गच्च ठेवली. बोलता बोलता झालंसुद्धा.

“काही दिवस डोळ्यापुढे चिलटं नाचल्यासारखी वाटतील. घाबरू नका,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानाजी पांढरा सदरा घालून निघाले, तेव्हा सुलोचनाबाई दारात आडव्या आल्या. “आजच्या दिस आराम करा ना. काऊन एवढी घाई?”

“डोये वापस भेटले अन् आराम करू?”

त्यांनी ग्रंथ उघडला. चिलटं नाचत होती, पण त्यांच्यामागे अक्षरं काळीभोर, काना-मात्रेसकट उभी. नानाजींना भरून आलं. एक परिच्छेद वाचला आणि सवयीने मान वर केली.

समोर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. रिकाम्या. इतके दिवस डोळ्यांपुढे जे पांढरंपांढरं दिसत होतं ती ऐकायला आलेल्या उपासिकांची पांढरी लुगडी नव्हती. सतरंजीवर सुलोचनाबाई, नंदिनी आणि पेंगणारे शेजारचे लक्ष्मणराव, बस्स.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

सुलोचनाबाईंची मान खाली गेली. “वावरात निंदणाले गेल्या का बाया दमून जातात. बाकीच्याइचं मोबाइलवरच चालू राह्यते. तुमाले कसं सांगाव म्हनलं...”

म्हणून तर ही ‘रायू द्या’ म्हणत होती. क्षणभर वाटलं, ग्रंथ मिटावा आणि सरळ घर गाठावं. ते घोटभर पाणी प्यायले.

“लक्ष्मणराव, जागे व्हा. पुढं सरका.”

लक्ष्मणराव डोळे चोळत पुढे सरकले. नानाजींनी ओळीखाली बोट ठेवलं आणि ते शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात, शब्द न् शब्द बघून, वाचायला लागले.