काचेखालची गाठ

आमच्या जुन्या लॅबमध्ये खिडकीखाली लांबलचक दगडी ओटा होता आणि त्याच्या टोकाला माझं स्टूल. रंगाच्या बाटल्या हाताळून माझी नखं कायम जांभळी. ताई म्हणायची, "एवढी शिकलीस, आणि हात बघ, शाईची दौत सांडलेल्या पोरीसारखे!" त्या ओट्याची, त्या उग्र वासाची मला अजून आठवण येते. आताच्या चकचकीत यंत्रांवर काही माझा जीव बसला नाही.

मेंदूचं ऑपरेशन चालू असताना गाठीचा कण आमच्याकडे धावतपळत यायचा. तिकडे सर्जन कवटी उघडी ठेवून थांबलेले. गाठीची जात कळली की पुढे किती कापायचं ते ठरणार. मी तो मोहरीएवढा कण दोन काचांमध्ये दाबून ओढायची. मेंदूच्या आपल्याच पेशींतून उठलेली गाठ, ग्लायोमा, लोण्यासारखी पसरते. मेंदूवरच्या आवरणाची, मेनिंजिओमा, चिवट असते, काच सरकू देत नाही. नसेवरची तर हटूनच बसते. आणि शरीरात दुसरीकडून आलेली गुठळ्या-गुठळ्यांनी फुटते. वीस वर्षांत माझी बोटं इतकी तयार झाली की आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आधीच मला जात कळायची. मॅडमचा नियम एकच: "बोटांना कळलं तरी तोंड बंद. सांगायचं ते मी सांगीन."

नियम बरोबरच होता. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक.

मग ताईचं डोकं दुखायला लागलं. डावा हात ढिला पडला. स्कॅनमध्ये गाठ आवरणाला चिकटलेली दिसली. सर्जन म्हणाले, "आवरणाची असेल तर काढली की बहुतेक सुटलो. मेंदूचीच निघाली तर मात्र..." पुढचं मला पाठ होतं.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आज तू बाहेर बस." मी ऐकते कसली! "माझ्या बहिणीचं दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही," म्हणत मी काचा घेऊन बसले. दाबल्या. सरकेनात. जोर लावला, तरी नाही. चिवट! मला इतका आनंद झाला की स्लाइड रंगवून मॅडमपुढे ठेवली आणि थेट कॉरिडॉर गाठला.

"भावोजी, आवरणाची आहे! सुटलो!"

भावोजी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. मग डोळे पुसून आधी लेकीच्या शाळेत फोन लावला, "तिला सांगा, आई बरी होणार. मावशीने ओळखलं."

मी परत आले तेव्हा मॅडम मायक्रोस्कोपवरून मान वर करत नव्हत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "ग्लायोमा आहे. वाईटातला. आत तंतू वाढून घट्ट झालाय. असा शंभरात एखाद-दुसराच." मी बाहेर काय करून आले ते माझ्या तोंडावरून त्यांना कळलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

ताई त्यानंतर चौदा महिने होती. दुपारी माझी वेणी ओढून चिडवायची ती उजव्या हाताने. त्यातला एकेक दिवस मी जपून ठेवलाय.

पण सगळ्यात जास्त आठवतं ते त्याच दिवशीचं शाळेचं फाटक. खरं कळल्यावर भावोजींनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "शाळा सुटेल आता. चल माझ्याबरोबर. एकट्याने मला नाही जमायचं."

नऊ वर्षांची पोर धावत आली ती थेट माझ्या कमरेला बिलगली. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"मावशी, खरंच तूच ओळखलंस?"

मी भावोजींकडे पाहिलं. ते खाली बघत पुटपुटले, "आज नको. आजचा दिवस राहू दे तिला."

"हो गं, मीच," मी म्हटलं आणि तिचं दप्तर खांद्यावर घेतलं. आई घरी आली की दोघी पोहायला जाणार, आईला पाण्यात हरवणार, असं ती घरापर्यंत सांगत राहिली. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, तोंड बंद ठेवून चालत राहिले.