टिक्क्या पश्चिमेकडे

रविवारी सकाळी शालनने पहिली टिक्की तव्यावर ठेवली आणि मिरजेतलं तिचं स्वयंपाकघर एका फरशीने लांब झालं. ओट्यामागची भिंत मागे सरकली, तिच्यासोबत ओटा सरकला, शेगडी सरकली. शालन पाऊलभर पुढे गेली आणि तिने टिक्की उलटली.

आदल्या दिवशी नातीचं बारसं झालं होतं. वड्यांसाठी उकडून कुस्करलेले बटाटे पातेलंभर उरले होते. थोरली बहीण अक्का जैतापूरहून येऊ शकली नव्हती. तिचे गुडघे दोन वर्षांपासून धरले होते, ती खुर्चीतून उठत नव्हती. बारसं थाटात झालं, पण शालनच्या मनाला रुखरुख लागली होती. तिने बटाट्यांत आलं-मिरची वाटून घातली, कोथिंबीर चिरून घातली, पोह्यांचा चुरा मळला. एकेक टिक्की रव्यात घोळवून ती तव्यावर सोडू लागली.

दुसऱ्या टिक्कीला दोन फरश्या वाढल्या, तिसरीला चार. तिचे यजमान वसंतराव भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. ते टेप घेऊन आले आणि ओणवे होऊन मोजू लागले.

"दर टिक्कीला दुप्पट होतंय," ते म्हणाले. "आणि खोली अरुंद होत चाललीय."

"अहो, पण कुठल्या दिशेला?"

त्यांनी होकायंत्र काढून पाहिलं. "पश्चिमेला. किंचित दक्षिणेकडे."

"म्हणजे जैतापूर," शालन म्हणाली आणि तिने तव्याच्या कडेने तेल सोडलं.

किती टिक्क्या होतील, असं त्यांनी विचारलं. तिने पातेल्यात बघून एकोणीस सांगितल्या. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब केला आणि जैतापूर थोडक्यासाठी हुकेल, असं सांगितलं.

बाराव्या टिक्कीला वसंतराव दाराशी ठिपक्याएवढे झाले. ते हात हलवत होते. सोळाव्या टिक्कीला खिडकीबाहेर ऊस आला. आता दोन्ही कोपर भिंतींना घासत होते, वळायला जागा नव्हती, पण वळायचं होतंच कुणाला. शालन गाणं गुणगुणत होती. अठराव्या टिक्कीला फरशी उताराला लागली, तव्यातलं तेल एका बाजूला गोळा झालं. तिने ओळखलं, घाट आला. तिने तव्याखाली एका बाजूला चमचा सरकवला आणि टिक्की खरपूस होऊ दिली.

एकोणिसाव्या टिक्कीसाठी तिने पातेलं बोटांनी निपटून घेतलं. ती टिक्की इतरांपेक्षा लहान झाली. तव्यावर ठेवताच खारा वारा आला, ओट्यामागची भिंत निघून गेली आणि ओट्याला लागून खाडीचं पाणी दिसलं. पलीकडे अक्काचं स्वयंपाकघर होतं. अक्का खुर्चीत बसली होती.

"शालन, टिक्क्या का गं?" तिने विचारलं.

"हो. कालच्या बटाट्यांच्या."

"कडा करपतायत बघ."

शालन हसली. तिने गॅस बंद केला, ताटली भरली आणि ओट्यावरून वाकून हात लांब केला. ताटली पाण्याच्या मध्यापर्यंतही पोचली नाही.

अक्काने ताटलीकडे पाहिलं. मग तिने खुर्चीचे हात धरले, ती उभी राहिली, तिने लुगड्याचा ओचा कमरेला खोचला आणि खाडीत पाऊल टाकलं. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत.